भागीकाकीची फ्रेंच

एखादी गोष्ट खरी आहे, एवढ्यावरून ती चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवण्याचा हक्क आपल्याला मिळतो, असं तुम्ही मानता का? उत्तर द्यायची घाई करू नका. मी सोळाव्या वर्षी ती घाई केली, आणि आता दात पडले, डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, तरी ते उत्तर काही मागे घेता आलेलं नाही. आमच्या पोलादपूरच्या घरात देवांच्या तसबिरी दोन आणि पत्रकं दीड-दोनशे होती. माझे वडील, आप्पा, शाळामास्तर. जातीचे शेतकरी, पण भाताच्या चोंढ्यापेक्षा छापील कागदावर जीव. मुंबईला गिरणीत असलेले नातलग दासगावच्या बंदरावर उतरले की त्यांच्या वळकटीत आप्पांसाठी पत्रकांचं एक पुडकं ठरलेलं असे. हुंडा, बालविवाह, शिवाशिव, दारू, विधवांचे हाल, ज्या ज्या गोष्टीविरुद्ध कुणी कुठे ओरडत असेल त्याचा कागद आमच्या भिंतीवर पिठाच्या खळीने चिकटलेला. मी त्या भिंतीवरच वाचायला शिकले. त्यामुळे मला वाटे की सगळी वाक्यं अशीच असतात: शेवटी उद्गारचिन्ह, आणि वाचणाऱ्याने ताबडतोब उठून काहीतरी करायचं.

आमच्या परसाला लागून भागीकाकीचं घर. मध्ये निवडुंगाचं कुंपण होतं, पण त्यात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती आणि ती माझ्याच अंगाने पडली होती. सकाळी जाग येई ती तिच्या मुसळाच्या आवाजाने. भात कांडताना ती दर घावाला तोंडाने हलका श्वास सोडी, 'हं', आणि ते 'हं' ऐकू आलं की आई म्हणे, "उठ, भागीचं अर्धं कांडण झालं." त्या घरात सासू, धाकटा दीर बाळू, त्याची बायको, त्यांची तीन पोरं आणि भागीकाकी. तिला मूल नव्हतं. कडव्या वालांचं बिरडं तिच्यासारखं पंचक्रोशीत कुणाला जमत नसे. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलायचं ते कंटाळवाणं काम ती मला घेऊन करी. सोललेला वाल बोटांतून निसटून उडाला की म्हणे, "पळाला बघ मुंबईला." नाचणीच्या भाकरीवर ती मला सुकटाची चटणी देई आणि वर ताकीद, "मास्तरांना सांगू नको, ते म्हणतील पोर आमची आणि पोसतेय भागी." कपाळावर तिच्या आडवं, ठसठशीत कुंकू असे. एवढं मोठं कुंकू गावात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

तिचा नवरा राघो लढाईवर गेला होता. महायुद्धात आमच्या डोंगरांतून फार माणसं गेली. त्या वेळी सरकार दर घरामागे एक जण मागत होतं आणि या घरातून बाळूचं नाव लिहून नेलं होतं. बाळू एकोणीस वर्षांचा, हिवतापाने काटकुळा झालेला. थोरला राघो मुंबईला होता. तो बातमी ऐकून आला, महाडला भरतीच्या मांडवात जाऊन आला आणि आईला म्हणाला, "बाळ्याचं नाव खोडलं, माझं घातलं. मी जातो." घरच्यांनी ते खरं धरलं. तो गेला, बोटीवरून एक पत्र आलं, कुणा कारकुनाच्या अक्षरातलं. पुढे काही नाही.

मग एके दिवशी सरकारी कागद आला. मी तेव्हा चार वर्षांची असेन. मला आठवतो तो फक्त गूळ. बाकीचं आईकडून ऐकलेलं, पण इतक्यांदा की आता तेही डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. कागद इंग्रजीत, म्हणून आप्पांना बोलावलं. आप्पांनी भागीकाकीच्या अंगणात उभं राहून वाचला आणि गोंधळून बाळूकडे पाहिलं. कागदात लिहिलं होतं की बाळाराम, राहणार पोलादपूर, फ्रान्स देशात आजाराने वारला. आणि बाळाराम तर ओटीवर बसून तंबाखू मळत होता! तो क्षणभर थिजला आणि मग मोठ्याने ओरडला, "आये, मी मेलो गो!" सगळं अंगण हसलं. कुणी म्हणालं, सरकारला जित्या-मेल्याचा पत्ता नाय. म्हातारी सासू तर आनंदाने रडली, कारण आमच्याकडे समजूत अशी की माणसाच्या मरणाची खोटी बातमी आली की त्याचं आयुष्य वाढतं. तिने गुळाची ढेप फोडायला सांगितली. भागीकाकी चुलीपाशी भाकऱ्या करत होती. ती पिठाचे हात धुऊन आली, ढेप फोडली आणि तिनेच घरोघर गूळ वाटला. माझ्या तळहातावर ठेवलेला खडा मोठा होता म्हणून आई म्हणाली, "एवढा कशाला गो भागे?" काकी म्हणाली, "खाऊ दे. आयुष्याचा गूळ हाय."

राघोची वाट पाहणं त्यानंतरही चालूच राहिलं. आप्पांनी सरकारला दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आलं की या नावाचा माणूस पलटणीत नव्हताच. मग गावाने आपल्या परीने उत्तर शोधलं. राघो मडमेकडे घरजावई झालाय, कोंबड्या राखतोय, असं बायका पाणवठ्यावर बोलत. काकी समोर आली की हंडे बुडबुडत तेवढे.

माझ्या फ्रेंचला कारण झाले विठूकाका. तेही त्याच लढाईवर खेचरांच्या पलटणीत गेले होते आणि परतले. आता ते आंबेनळीच्या घाटातून महाबळेश्वरला लादलेली तट्टं न्यायचे. घाट चढताना तट्टांना ते ज्या शिव्या घालत, त्यांतल्या निम्म्या फ्रेंच होत्या असं ते अभिमानाने सांगत. त्यांच्याकडे दोन वस्तू होत्या. एक, शिपायांना वाटलेलं इंग्रजी-फ्रेंच वाक्यांचं बोटभर पुस्तक. दुसरी, एका खेड्याचं चित्र छापलेलं कार्ड: देऊळ त्यांचं, कालवा, झाडांची रांग. पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं. मला महाडच्या शाळेतल्या तीन इयत्तांपुरतं इंग्रजी येत होतं, पण त्या अक्षरांचा उच्चार मला कोण सांगणार? म्हणून मी अर्थ वाचायचा आणि काकांनी आवाज आठवायचा, अशी आमची शाळा सुरू झाली. बसायचं भागीकाकीच्या मागच्या पडवीत, कारण तट्टांच्या खोगिरांचे पट्टे शिवायला तिथे उजेड चांगला होता.

"जे मी लेवे," मी वाचे.

"घोडा हसेल," विठूकाका म्हणत. "ज म लेव्ह. जिभेला तूप लावल्यागत बोल, इंदे. ज म लेव्ह, ज म लाव्ह, ज माबीय."

उठते, तोंड धुते, कपडे घालते. पुस्तकात बारीक अक्षरात फोड केली होती: मी मला उठवते, मी मला धुते, मी मला कपडे घालते. मी ती मराठीत वाचून दाखवली तेव्हा वाल सोलणारी भागीकाकी थांबली. "सगळं स्वतःच स्वतःला?" तिने विचारलं. "मी मला उठवते, असं म्हनतात?"

"तशीच बोली हाय त्यांची, वहिनी."

"बरी हाय की." तिने पुन्हा वाल उचलला. "खरीच हाय. मला तरी दुसरं कोन उठवतंय?"

त्या दिवसापासून ती आमची तिसरी विद्यार्थिनी झाली, आणि खरं सांगते, तिघांत पहिली. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिची जीभ अक्षरांना अडखळत नसे. पहाटे मुसळाच्या घावाबरोबर आता 'हं' च्या जागी कधी 'ज म लेव्ह' ऐकू येई. विसावा घ्यायला बसली की 'ज म रपोझ'. मी आठवण काढते याला 'ज म सुव्हियँ', हे तिने एकदा ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही. छोटे शब्द तर तिला फार आवडत. सोबत, शिवाय, जवळ, मधून, पासून. 'शे' हा तिचा लाडका. शे मादाम म्हणजे मादामकडे. "आपण नाव आधी घेतो आणि मग 'कडे' लावतो," मी मास्तरकीने सांगितलं, "ते आधी 'कडे' म्हणतात आणि मग नाव."

"मग आपल्या बायकांना सोयीचं," काकी म्हणाली. "नाव यायच्या आत गप्प बसता येतं."

विठूकाका खो-खो हसले. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे काही सांगायला नको. त्यांनी तिला छेडायला नवा धडा काढला. "इल साप्पेल. त्याचं नाव अमुक. म्हना वहिनी, इल साप्पेल..." काकी म्हणाली, "इल साप्पेल," आणि पदर तोंडाला लावून थांबली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चाळिशीकडे झुकलेली बाई, पण तेव्हा ती माझ्या वयाची दिसली. पुढे तो रोजचा खेळ झाला. ती 'इल साप्पेल' पर्यंत येई, थांबे, आणि आम्ही दोघं हसत असू.

विठूकाकांना राघो त्या कार्डावरच्या खेड्यात भेटला होता. दोन पलटणींचा मुक्काम शेजारी होता. देवळाजवळच्या मादामच्या घरी दोघं दुधाच्या कॉफीसाठी जात. नंतर खेचरांची पलटण बसऱ्याला गेली आणि ताटातूट झाली. "गडी खुशीत होता," काका सांगत. "त्याच्या पलटणीतले त्याला बाळ्या म्हनूनच हाक मारायचे. म्हटलं, भावाची आठवन येते म्हनून सांगितलं असेल तसं." हे ते काकीसमोर सांगत होते. काकी वालाचं साल काढत होती. मी दोन हातांवर होते आणि मला काही कळलं नाही. एका बाजूला तो कागद, दुसऱ्या बाजूला ही हाक, बारा वर्षं दोन्ही धागे आमच्या गावात शेजारी लोंबत होते.

बारा वर्षं. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याला मेला समजून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. बाळूकाकाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं आणि कुणीतरी म्हातारीच्या कानात घातलं की थोरला ना जित्यात ना पितरांत, तो वाट अडवतोय. तीन महिने पुढचा दिवस ठरला. त्या दिवशी काकीच्या बांगड्या फुटणार, कुंकू पुसलं जाणार. मी पेटले. दुसरा शब्द नाही. सगळी भिंत माझ्या अंगात उभी राहिली. जिवंत माणसाला जाळायचं? ज्या बाईने बारा वर्षं वाट पाहिली तिचं कपाळ एका पुतळ्यासाठी पुसायचं? मी स्वतःचं पत्रक लिहिलं, बारा प्रती केल्या, आणि शाळेच्या, चावडीच्या, धर्मशाळेच्या भिंतीवर चिकटवल्या. मथळा होता, 'जित्याचं सरण!' ते उद्गारचिन्ह मी तांबड्या शाईने काढलं होतं. आणि त्याच आठवड्यात त्या मादामला पत्र लिहायला बसले.

पुस्तकातली वाक्यं जोडून जोडून पत्र झालं. विठूसोबत एक माणूस तुमच्याकडे येत असे. त्याचं नाव राघो. तो सध्या कुठे आहे? त्याची बायको त्याची आठवण काढते. काकी शेजारी बसून होती. "कशाला गो लिहितेस?" ती म्हणाली. "होऊ दे त्यांच्या मनासारखं. मला काय त्रास नाय."

"काकी, अन्यायाची सवय झाली की तो त्रास वाटेनासा होतो," मी म्हणाले. हे वाक्य आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर होतं.

तिने माझ्या पुढ्यातला कागद हाताने सारखा केला. मग म्हणाली, "लिहितेसच तर एक विचार त्या बाईला. तिकडं तुळस हाय का म्हनावं, जवळपास."

मला हसू आलं. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे हा काय प्रश्न? शिवाय तुळशीला फ्रेंच शब्द मला कुठे ठाऊक होता. मी मान डोलावली आणि लिहिलं नाही. 'देवळाजवळची मादाम' आणि खाली कार्डावरच्या खेड्याचं नाव, एवढ्या पत्त्यावर पत्र टपालात टाकलं.

उत्तर आलं ते विधीच्या आदल्या दिवशी, सकाळी. निळसर कागदाचे दोन ताव, गोल गोल अक्षर. विठूकाका तट्टं घेऊन घाटात गेलेले. मी पुस्तक घेऊन माळ्यावर चढले. पहिल्या तावातले शब्द ओळखीचे निघाले, जणू आमच्या धड्यांतूनच उचललेले. लवकर उठणं, विहिरीवर तोंड धुणं, कुंपण दुरुस्त करणं, माझ्याकडे कॉफी, समाधानी. दुसऱ्या तावात शब्द अनोळखी होते. पण मला दुसरा ताव हवा कशाला होता? माणूस उठत होता, धुत होता, हसत होता. मी तशीच ओढ्यावर धावले. काकी भांडी घासत होती.

"काकी, पत्र आलं! आहेत ते!"

तिच्या हातातली राखुंडी तशीच राहिली. "पुरं वाचलंस?"

"अर्धं. पण..."

"दे इकडं."

"तुला कुठे वाचता येतंय?"

"नाय येत. तरी दे."

आजही मी त्या दोन शब्दांपाशी रोज जाऊन बसते. तरी दे. तेव्हा मी म्हणाले, "नाही काकी, उद्या सगळ्यांसमोर वाचणार. यांना सगळ्यांसमोरच उत्तर मिळायला हवं." घाव चारचौघांत घालावा, हे मला भिंतीने शिकवलं होतं. काकीने भांडं पालथं घातलं आणि म्हणाली, "तुझं बी बरोबर असेल." घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती आणि मला तिची फक्त पाठ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात पुतळा तयार होता. महाडहून भटजी आले होते. पळसाची पानं दर्भाने बांधलेली, वर नारळ, त्यावर पांढरं फडकं. गाव जमलेलं. मी पुढे गेले आणि म्हणाले, "थांबा, हा विधी खोटा आहे. राघोकाका जिवंत आहेत." आप्पा ओट्यावर होते, त्यांच्या चेहऱ्यावर थोडी भीती आणि थोडा अभिमान होता. विठूकाका पहाटेच घाटातून परतले होते. त्यांना मी शेजारी उभं केलं. मी शब्द वाचायचा, अडलं तर त्यांनी सांगायचं, आणि मी लगेच मराठी करायची.

पहिला ताव मी झोकात वाचला. तो लवकर उठे. विहिरीवर तोंड धुई. माझ्या मुलांना खांद्यावर बसवी. म्हातारी सासू पुढे सरकली, तिचे ओठ हलत होते. बाळूकाकाने धाकट्या मुलीला उचलून घेतलं. कुणीतरी म्हणालं, "बघा, म्हटलं नव्हतं, कोंबड्या राखतोय." लोक हसले. मी ताव उलटला.

राघो नावाचा माणूस मला माहीत नाही, असं दुसऱ्या तावाच्या सुरुवातीला होतं. त्याचं नाव बाळू.

"मी?" बाळूकाका हसला. कोणी हसलं नाही तसा तोही थांबला.

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण वाक्य सुरू झालं होतं आणि विठूकाका शब्द पुरवत होते. तो एकदा मला म्हणाला, मादामने लिहिलं होतं, की हे नाव माझं नाही, माझ्या धाकट्या भावाचं आहे, मी ते त्याच्याकडून घेऊन आलो, परत जाऊन देईन. हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखणं झालं. त्याच्या सोबत्यांना बर्फात लाकडं मिळाली नाहीत. देवळामागे मातीत ठेवला. दगडावर बाळू असंच नाव आहे. माझा नवराही त्याच लढाईत गेला, म्हणून मी दोघांकडेही जाते.

विठूकाकांनी शेवटचा शब्द सांगितलाच नाही. ते माझ्या हातातला कागद खाली करत होते. त्या अंगणात शंभर माणसं होती आणि निवडुंगावर बसलेल्या चिमण्यांचा आवाज येत होता. मग म्हातारी सासू हळूहळू वळली. बाकीचेही वळले. भागीकाकी माजघराच्या दारात उभी होती, आणि तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. तेच सगळ्यांनी पाहिलं.

"तुला ठाव होतं," सासू म्हणाली.

काकीने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"बारा वर्षं माझ्या पोराला पानी नाय. आनि तू कपाळ भरून पोरींना हळदी लावत फिरलीस?"

बायकांत कुजबूज झाली. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात काकीने हात लावला होता त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. बाळूकाकाने मुलीला खाली ठेवलं. त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा आला. "गूळ तूच वाटलास ना गो, वहिनी?"

मी तिच्याकडे जायला निघाले, तर आईने माझा दंड धरला. पाच बोटांचे वळ आठवडाभर होते.

विधी आता थांबण्याचं कारण उरलं नव्हतं. उलट तो खरा झाला होता. भटजींनी बाळूकाकाला पुढे बसवलं, हातात पाणी दिलं आणि विचारलं, "प्रेताचं नाव?" बाळूकाकाने तोंड उघडलं आणि त्याला नाव फुटेना. त्याच्या घशात जे नाव होतं ते त्याचं स्वतःचं होतं. भटजींनी पुन्हा विचारलं. सासू कपाळ बडवत होती. आप्पा खाली बघत होते. तेव्हा भागीकाकी दारातून उतरून मधोमध आली. तिच्या बांगड्या अजून हातात होत्या. तिने पुतळ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने, स्पष्ट, पोलादपूरच्या भर अंगणात म्हणाली, "राघो."

एवढंच. त्या खेळात ती जिथे थांबत असे त्याच्या पुढचा शब्द.

तिला पंधरा दिवसांनी भावाकडे पाठवलं, आंबेनळीच्या पायथ्याच्या एका वाडीत. कुणी हाकललं नाही, असं लोक म्हणत. नुसतं तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. बाळूकाका त्यानंतर हाकेला ओ देताना दचके, मग मुंबईला गेला आणि सणालाही येईनासा झाला. माझी पत्रकं कुणी फाडली नाहीत. पावसाने धुतली. मी नंतर आयुष्यभर लिहिलं, भांडले, दोनदा तुरुंगात गेले, आणि त्यातल्या कशाचीही मला लाज वाटत नाही. अन्याय मोठ्याने सांगावा, असं मी आजही म्हणते. फक्त तो ज्याचा आहे त्याला आधी विचारावं, हे मी भिंतीवर कुठे वाचलं नव्हतं.

वर्षभराने मी विठूकाकांच्या तट्टांबरोबर त्या वाडीत गेले. काकी हिरडे वाळत घालत होती. कपाळ मोकळं होतं, आणि त्या जागची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा उजळ दिसत होती. तिने मला नाचणीची आंबील दिली. मी रडायला लागले तर म्हणाली, "पी आधी, निवेल."

"तू सांगितलं का नाहीस, काकी?"

"ओढा ओलांडताना शपथ घातली होती त्यांनी. म्हनाले, काय झालं तर बाळ्याला कळू देऊ नको, तो त्या नावाखाली मरंल." ती हिरडे पसरत राहिली. "आनि मला बी कुंकू पुसायचं नव्हतं. दोन्ही खरं हाय. एकच सांगितलं तर खोटं होईल."

"मग विधीला तयार कशी झालीस?"

"त्यांना पानी मिळालं असतं की. कुनाला न कळता." तिने हे मला दोष देण्यासाठी म्हटलं नाही. म्हणूनच ते अजून निघत नाही.

निघताना ती कुंपणापर्यंत आली. "त्या बाईला तुळशीचं विचारलं होतंस ना गो? काय म्हनाली?"

मरताना ज्याच्या तोंडात तुळशीपत्र पडलं नाही, त्याच्या उशाशी निदान रोप असावं, एवढंच तिला हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी खरं बोलण्याच्या शपथा घेतलेली, सत्याची पत्रकं लिहिलेली मुलगी. मी म्हणाले, "हो काकी. आहे म्हणाली. देवळाच्या भिंतीला लागून, अगदी त्यांच्याजवळ."

"प्रे द," काकी म्हणाली. जवळ. आणि हसली. त्यानंतर दोन पावसाळे ती जगली. तिची भावजय मला पुढे म्हणाली, रोज उठताना काहीतरी मंत्र म्हणायची, आम्हाला समजला नाही.

त्या मादामला मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा लिहिलं, पण तिकडे परत लढाई पेटली आणि उत्तर आलं नाही. ते कार्ड माझ्याकडे आहे. देऊळ, कालवा, झाडांची रांग, खाली खेड्याचं नाव. आता तुमची मुलं शिकायला, नोकरीला त्या देशात जातात. कुणी जाणार असेल तर माझ्याकडे या, मी नाव उतरवून देईन. जाताना घरच्या तुळशीची चिमूटभर मंजिरी पुडीत बांधून न्या. देवळामागे बाळूच्या नावाचा दगड शोधा आणि भिंतीला लागून ती माती उकरून पेरा. तिथल्या थंडीत ते रोप टिकणार नाही म्हणतात. न टिको, एक उन्हाळा जगलं तरी माझं तेवढं बोलणं खरं होईल. आणि पाणी घालताना, आजूबाजूला कुणी असो नसो, मोठ्याने म्हणा. तेवढी फ्रेंच तुम्हाला आता येते. इल साप्पेल राघो.